आठ पोरं, एक शनिवार आणि गोवा: रात्रीची जोडणी कशी लावायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीतले आठ मित्र, सगळे पोरगे, वय वीस ते सत्तावीस. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात शुक्रवारी रात्री कामावरून सुटून दोन गाड्यांनी निघायचं, शनिवारची रात्र बागा-कळंगुटला क्लबात काढायची, जमलं तर कॅसिनो बघायचा आणि रविवारी संध्याकाळपर्यंत घर गाठायचं. क्लब कुठले, खर्च किती, आणि येताना दोन-चार बाटल्या आणल्या तर चालतं का?

बाटल्यांचं आधी सांगून टाकतो: चालत नाही. का ते शेवटी येईलच. क्लबांची नावंही थोडी खालीच येतील, कारण तो भाग सोपा आहे. गोव्यातली रात्र क्लबाच्या आत सहसा बिघडत नाही. बिघडते ती दारात, नाहीतर दारातून बाहेर पडल्यावर. म्हणून जोडणी उलटी लावायची: आधी रात्री तीन वाजता खोलीवर कसे परतणार ते ठरवा, मग आत कसे शिरणार ते, आणि मग कुठे जायचं ते.

शुक्रवारी रात्री दहाला निघण्याचा बेत सोडून द्या. कागल, कोगनोळी टोल, निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा असं गेलं तर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं आणि चहापाणी धरून पाच ते सहा तास जातात. म्हणजे पोचणार पहाटे तीन-चारला. हॉटेलची खोली मिळते दुपारी बारा-दोनला. एकतर शुक्रवारच्या रात्रीचं भाडं फुकट भरायचं, नाहीतर गाडीत पाय आखडून पडायचं. दिवसभर कामावर राबलेला माणूस आजऱ्याच्या पुढच्या अंधाऱ्या रस्त्याला आणि आंबोलीच्या वळणांना लागतो, त्यात पहाटेचं धुकं आणि रस्त्यावर उभे गवे. आजरा-चंदगड पट्ट्यात हत्तीही फिरतात. शनिवारी पहाटे पाचला कोल्हापूरचा तावडे हॉटेल चौक सोडला तर अकरापर्यंत म्हापशात असता. मासळीचं ताट जेवून, दुपारी तीन तास झोपून, रात्रीला ताजे. अर्धा दिवस सुट्टी मिळत असेल तर शुक्रवारी दुपारी निघणं सगळ्यात चांगलं.

आंबोलीचा रस्ता डिसेंबरात ठीक आहे. हाच बेत जुलै-ऑगस्टच्या रविवारी असेल तर धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते आणि तासभर सहज जातो. तेव्हा राधानगरी-दाजीपूर-फोंडाघाटमार्गे कणकवलीला उतरा किंवा बेळगावहून चोर्ला घाटाने जा. पावसाळ्यात शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची तात्पुरती हॉटेलं, तीही नसतात. ते मेअखेरीस मोडून ठेवतात आणि हंगाम सुरू झाला की पुन्हा उभे राहतात. समुद्रात उतरायलाही तेव्हा बंदी असते. स्वस्त खोली आणि पाऊस एवढ्यासाठी जाणाऱ्यांनीच पावसाळ्यात जावं.

तारखेचं एक लक्षात ठेवा. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं फेस्त असतं, त्याच्या आगेमागे पणजी ते जुने गोवे रस्ता तुंबलेला असतो. २० डिसेंबर ते २ जानेवारी या काळात तर जाऊच नका. खोल्यांचे दर कितीतरी पट होतात, बरीच हॉटेलं तीन रात्रींपेक्षा कमी बुकिंग घेत नाहीत, आणि म्हापसा ते बागा हे दहा किलोमीटर दोन तासांतही पार पडत नाहीत.

गाडीचं. आठ जणांना दोन गाड्या म्हणजे दोन ड्रायव्हर, म्हणजे आठातले दोघे कोरडे राहणार. हे आधी तोंडावर ठरवून घ्या. "बघू तिथं" म्हणणाऱ्या ग्रुपात शेवटी कमी प्यायलेला गाडी चालवतो, आणि कमी प्यायलेला म्हणजे न प्यायलेला नव्हे. त्यापेक्षा ड्रायव्हरसकट टेम्पो ट्रॅव्हलर करा. वाटेत कर्नाटक आणि पुढे गोवा, दोन्हींचा परमिट व टॅक्स भाड्यात धरलाय का ते लेखी घ्या, नाहीतर सीमेवर पावती तुमच्या गळ्यात पडते. ड्रायव्हरच्या झोपायची सोयही बघा. त्याला गाडीत डासांत झोपवून रविवारी घाट चढवायला लावायचा म्हणजे पैसे वाचवून धोका विकत घेणं. तिसरा मार्ग सीबीएसवरून, म्हणजे कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून, पणजीची एसटी. म्हापशाला उतरायचं, पुढे टॅक्सी. दिसायला साधं, पण ज्यांना मोकळेपणाने प्यायचंय त्यांच्यासाठी हेच सगळ्यात शहाणपणाचं.

आता मुक्काम. शनिवारची रात्र बागाच्या टिटोज लेनमध्ये, म्हणजे क्लबांच्या गल्लीत, काढायची असेल तर खोली तिथून चालत पंधरा मिनिटांच्या आत घ्या, भले ती दोनशे-तीनशे रुपयांनी महाग असो. पाच किलोमीटर लांबची स्वस्त खोली रात्री तीनला महाग पडते, कारण त्या वेळी टॅक्सीवाला सांगेल तो दर. ओला-उबर गोव्यात चालत नाही. गोवामाइल्स हे ॲप आहे, पण ऐन रात्री बागात त्याची गाडी मिळेलच असं धरून चालू नका. दर बसण्याआधी ठरवायचा, उतरल्यावर नव्हे. आठ जणांनी मिळून व्हिला घेणार असाल तर तो पर्यटन खात्याकडे नोंदवलेला आहे का ते विचारा आणि आठही जणांची मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा. शिवाय व्हिला म्हणजे आपलं रान असं समजून रात्री दहानंतर स्पीकर लावला की शेजारचा गोवेकर पोलिसांना फोन करतो. त्याचं काही चुकत नाही.

पट्ट्यांचा स्वभाव समजून घेतला की निम्मा गोंधळ संपतो. बागा-कळंगुट म्हणजे गर्दी, बॉलिवूड, पंजाबी, चालत फिरता येणारे क्लब. टिटोज आणि मॅम्बोज याच गल्लीत. पहिल्यांदा जाणाऱ्यांना हेच बरं. आरपोऱ्याच्या टेकडीवर क्लब क्युबाना आहे, पण तिथे चालत जाता येत नाही. हणजूण-वागातोर म्हणजे टेक्नो आणि ट्रान्स. वागातोरचं हिलटॉप त्यासाठीच ओळखलं जातं. तिथलं गाणं ओळखीचं नसतं, एकच ठेका तासन् तास चालतो. "डीजे गाणं कधी लावणार?" असं विचारणारा एकही जण ग्रुपात असेल तर तिकडे जाऊ नका. मोरजी-आश्वे महाग आणि पसरलेलं, गाडीशिवाय जमत नाही. कांदोळी-सिकेरी शांत, जोडप्यांसाठी आणि कुटुंबासाठी चांगलं. दक्षिणेत पाळोळ्याला हेडफोन लावून नाचायची सायलेंट पार्टी हंगामात शनिवारी होते, पण बागाहून ते ऐंशी किलोमीटरच्या घरात आहे, एका रात्रीत दोन्ही होत नाही.

हेडफोनची कल्पना आली ती आवाजाच्या नियमामुळे. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे केंद्रीय नियम देशभर लागू आहेत: रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षाला जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, आपल्याकडे गणपतीत मिळते तीच. त्यामुळे समुद्रकाठच्या उघड्या जागेत सूर्यास्त ते दहा, आणि दहानंतर बंदिस्त, ध्वनिरोधक हॉलमध्ये, असा रात्रीचा खरा क्रम आहे. उघड्यावर दहानंतर मोठ्याने वाजत असेल तर ते कधीही बंद पडू शकतं. अशा ठिकाणी प्रवेशाचे पैसे भरण्याआधी आत बंदिस्त हॉल आहे का ते विचारा. पोलिस आले, आवाज बंद झाला आणि पैसे परत नाहीत, ही हंगामातली नेहमीची तक्रार आहे.

आता मूळ दुखणं. आठ पोरं, सोबत एकही मुलगी नाही. क्लबाच्या भाषेत तुम्ही स्टॅग ग्रुप, आणि स्टॅग ग्रुप कुठल्याच दाराला आवडत नाही. आत पुरुष-बायकांचं प्रमाण बिघडलं की बायका निघून जातात, बायका गेल्या की धंदा बसतो, आणि भांडणं बहुतेक वेळा स्टॅग ग्रुपांतच होतात. दारावरचा माणूस तुमचा अपमान करत नसतो, तो हिशेब करत असतो. त्यामुळे काही क्लब स्टॅगना घेतच नाहीत, काही जोडप्याच्या जवळपास दुप्पट घेतात, काही गर्दी पाहून ठरवतात.

यावर चार गोष्टी चालतात. शनिवारी दुपारी, शुद्धीत असताना, क्लबाला फोन करून थेट विचारा: "आठ स्टॅग आहेत, एंट्री मिळेल का, किती, आणि त्यात काय येतं?" उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, दारात दाखवता येतं. दुसरं, दहाच्या आत पोचा. क्लब रंगतो अकरानंतर, पण रिकाम्या हॉलला आठ गिऱ्हाईकं हवी असतात, भरलेल्याला नको असतात. तिसरं, टेबल घ्या. टेबलाला किमान खर्चाची अट असते. आठ जणांत ती वाटली की माणशी प्रवेशाइतकीच पडते, वर बसायला जागा मिळते आणि दारावरची घासाघीस संपते. चौथं, आठ जण एकदम दारावर थडकू नका. चार-चार करून जा, पण दोन्ही गटांनी आधी फोन केलेला असू दे. रस्त्यावर कुणा अनोळखी मुलीला "जरा आमच्यासोबत आत चल" म्हणणं हा उपाय नव्हे. त्यावरून मारामाऱ्या होतात.

पेहराव साधा आहे: फुल पँट किंवा जीन्स, बाह्यांचा शर्ट किंवा चांगला टी-शर्ट, बंद बूट. गंजी, बीचवरची चड्डी आणि चप्पल पुरुषांना बऱ्याच क्लबांत चालत नाही, कॅसिनोत तर नाहीच. यात आपली कोल्हापुरीही आली. २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारखी चप्पल चालवली म्हणून दारावरचा बाउन्सर तुमच्या कापशी चपलेला सूट देणार नाही. आणि खोलीवर पिऊन झुलत आलेल्याला कपडे कितीही चांगले असोत, आत घेत नाहीत. एकाला अडवलं की आठही अडकतात.

प्रवेशाचे तीन प्रकार असतात आणि फसगत होते ती त्यांची गल्लत झाल्याने. पहिला, नुसता प्रवेश: पैसे दिले, आत गेला, पिण्याचे वेगळे. दुसरा, कव्हर: भरलेल्या पैशांचं आत खाणंपिणं मिळतं, पूर्ण किंवा काही भागाचं. "फुल कव्हर की पार्शल?" हा प्रश्न विचारायचाच. तिसरा, अनलिमिटेड: एकदा पैसे भरा, ठरलेल्या वेळेपर्यंत प्या. क्युबानासारख्या जागा यासाठी प्रसिद्ध आहेत. अनलिमिटेडमध्ये ब्रँड ठरलेले आणि साधे असतात, बारवर रेटारेटी असते आणि वेळ संपायला आली की तिथं झुंबड उडते. यात नुकसान होतं ते "पैसे वसूल करायचे" या हट्टाने. कोल्हापूरकर जेवणाच्या पंगतीत हट्टाने जिंकतो, पण बारशी ही पैज लावू नये.

खर्चाचा अंदाज हवाच असेल तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यासाठी माणशी असा धरा: प्रवास दीड हजार, खोली एका रात्रीची दीड ते अडीच हजार, क्लब दोन ते तीन हजार, खाणं आणि फुटकळ दीड हजार. कॅसिनो केला तर वर किमान तीन-चार हजार. दर दर आठवड्याला हलतात, म्हणून हजार-दीड हजार मोकळे ठेवा. यूपीआय सगळीकडे चालतं, पण गर्दीत नेटवर्क बसतं. दोघांच्या खिशात मिळून पाच-सहा हजार रोख असू देत.

बिल हातात आलं की तीन ओळी वाचा. दारूवर जीएसटी नसतो, तिच्यावर राज्याचा व्हॅट असतो. दारूच्या रकमेवर जीएसटी लावलेला दिसला तर विचारा. पेग तीसचा की साठचा लिहिलाय ते बघा: स्मॉल म्हणजे ३० मिली, लार्ज म्हणजे ६० मिली, आणि गोंगाटात "एक व्हिस्की" म्हटलं की लार्जही येऊ शकतो. तिसरी ओळ सर्व्हिस चार्ज. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचनांप्रमाणे तो ऐच्छिक आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. सेवा आवडली नसेल तर शांतपणे काढायला सांगा. बाउन्सरशी नव्हे, मॅनेजरशी बोला, आणि एकानेच बोला. आठ जण एकदम बोलायला लागले की त्याला दंगा म्हणतात.

आता पिण्याचं गणित, कारण रविवारी तुम्हाला घाट चढायचाय. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. पहिल्यांदा सापडलात तर दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ३० मिली व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. सत्तर किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी एक लार्ज घेतला तर रक्तातलं प्रमाण चाळीसच्या आसपास जाऊ शकतं. म्हणजे एकाच पेगात मर्यादेबाहेर. शरीर ते तासाला साधारण पंधराच्या वेगाने उतरवतं. रात्री नऊला सुरू करून सहा लार्ज झाले तर प्रमाण चढतं अडीचशेच्या घरात, आणि तिसाच्या खाली यायला दुसऱ्या दिवशी दुपारचे बारा वाजतात. अंघोळ, ब्लॅक कॉफी, लिंबूपाणी यांनी डोळे उघडतात, रक्तातलं प्रमाण हलत नाही. त्यामुळे स्टिअरिंगवर बसणाऱ्याने शनिवारी रात्री प्यायचीच नाही, "सकाळी नऊपर्यंत उतरते" या भरवशावर तर मुळीच नाही.

फेणीबद्दल दोन शब्द, कारण पहिल्यांदा जाणारे तिला ताडीच्या रांगेत बसवतात. काजूची फेणी ४२.८ टक्के, म्हणजे व्हिस्कीइतकीच कडक. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. लिम्का, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून ती सरबतासारखी लागते आणि तिथंच माणूस फसतो. हुर्राक तिच्यापेक्षा हलकी, पण ती काजूच्या हंगामातली, फेब्रुवारी ते मे. डिसेंबरात "ताजी हुर्राक" म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका. बिअर, फेणी, शॉट्स असं मिसळत गेलं की कोण किती प्यायला याचा हिशेब सुटतो. अडचण मिसळण्यात कमी आणि हिशेब सुटण्यात जास्त आहे.

आत जाण्याआधी पोटभर जेवा. क्लबातलं खाणं महाग आणि बेतास बात. रात्री उशिरा भूक लागली तर गाड्यावरचं रस आमलेट: चिकन शागुतीच्या रश्श्यात बुडवलेलं आमलेट आणि सोबत पाव. तिखटाच्या बाबतीत कोल्हापूरकराला ते सौम्य वाटेल. कांदा-लिंबू मागून घ्या आणि पांढऱ्या रश्श्याची तुलना तिथे काढू नका.

कॅसिनो. तुमच्यातला वीस वर्षांचा जो आहे, त्याला गोव्यात दारू प्यायला कायद्याची आडकाठी नाही, तिथलं वय १८. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ लागतात. पण कॅसिनोत २१ खाली प्रवेश नाही, मूळ ओळखपत्र बघतात आणि त्यात सवलत नसते. काही क्लबही २१ चीच अट ठेवतात. तेव्हा कॅसिनोला गेलात तर तो एकटा जेट्टीवर उभा राहणार. हे आधी ठरवा.

टेबलावरचे खरे पत्ते आणि खरं रुलेट फक्त मांडवी नदीतल्या बोटींवर. जमिनीवरच्या कॅसिनोंना पंचतारांकित हॉटेलात इलेक्ट्रॉनिक खेळांचाच परवाना असतो. डेल्टिन रोयाल, कॅसिनो प्राइड, बिग डॅडी या पणजीतल्या ठळक बोटी. जेट्टीवर तिकीट, तिथून छोट्या बोटीने मोठ्या बोटीवर. पॅकेजात प्रवेश, जेवण, पेय, नाचगाण्याचा कार्यक्रम आणि थोड्या चिपा (पैशांऐवजी खेळायची टोकनं) येतात. पॅकेजातल्या चिपा बहुतेक एकदाच खेळायच्या असतात: जिंकलात तर जिंकलेल्या खऱ्या, मूळ चिपा परत देऊन पैसे मिळत नाहीत. हे तिकिटावर लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही. वेगळ्या चिपा घेताना कराचं विचारा. कॅसिनोवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. "हजार दिले तर खेळायला किती हातात येणार?" हा एकच प्रश्न काउंटरवर पुरे.

खेळात घराचा, म्हणजे कॅसिनोचा, फायदा कुठे किती ते माहीत असू दे. एका शून्याच्या रुलेटमध्ये २.७ टक्के, दोन शून्यांच्या रुलेटमध्ये ५.२६, म्हणून चाकावर आधी शून्यं मोजा. अंदर-बाहर या पत्त्यांच्या खेळात पहिला पत्ता ज्या बाजूला पडतो तिची शक्यता ५१.५ टक्क्यांच्या आसपास, पण तिला शंभराला नव्वदच देतात, म्हणजे फायदा घराचाच. लागोपाठ पाच वेळा लाल आलं म्हणून सहाव्यांदा काळं येण्याची शक्यता वाढत नाही, आणि हरल्यावर डाव दुप्पट करत जायची युक्ती टेबलाच्या कमाल मर्यादेवर आपटते. ठरवलेली रक्कम वेगळ्या खिशात घ्या, एटीएम कार्ड खोलीवर ठेवा. जिंकलात तर त्या रकमेवर सरळ ३० टक्के आयकर आहे, तोही लक्षात असू दे.

बागा आणि कॅसिनो एकाच रात्री करायचा हट्ट धरू नका. अंतर अठरा किलोमीटरच्या आसपास, पण हंगामातल्या शनिवारी तासाच्या वर जातो, आणि दोन्हीकडचे पैसे भरून दोन्ही अर्धवट होतात. शुक्रवारी दुपारी निघालात तर शुक्रवारची रात्र पणजीत कॅसिनोला आणि शनिवार बागाला. एकच रात्र असेल तर एकच निवडा. तुमच्या ग्रुपाने क्लब निवडावा. शनिवारी संध्याकाळी वेळ उरला तर आरपोऱ्याचा सॅटर्डे नाइट मार्केट बघा. नोव्हेंबर ते एप्रिल भरतो, खाणं, गाणं, कपडे सगळं असतं आणि स्टॅग वगैरे भानगड नाही.

आत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत एक काम करा, पेग मागवण्याआधी: ज्या दाराने आलात त्याशिवाय दुसरं दार कुठे आहे ते डोळ्यांनी बघून या. डिसेंबर २०२५ मध्ये आरपोऱ्यातल्या एका नाइटक्लबला मध्यरात्री आग लागून २५ जणांचा जीव गेला. मेलेल्यांत तिथले कामगार जास्त होते, बहुतेक धुराने गुदमरले. अरुंद जिना, एकच दार, छताला लाकूड-झावळ्यांची सजावट आणि आत शोभेची आतषबाजी असं एकत्र दिसलं तर पैसे गेले तरी बाहेर पडा. तळघरातल्या हॉलमध्ये गर्दी छातीला लागेपर्यंत वाढली तरी तेच.

बाहेर रस्त्यावर "सर, क्लब? सर, गर्ल्स?" करत मागे लागणारे एजंट असतात. त्यांच्यामागे स्टॅग ग्रुपच जातात आणि ते त्याचीच वाट बघत असतात. डान्स बार म्हणून एका खोलीत नेतात, चार बिअरचं बिल हजारोंत येतं आणि दार बाहेरून बंद. अडकलातच तर हातघाईवर येऊ नका, ११२ ला फोन लावा. गांजा, गोळ्या, पावडर विकणारेही भेटतील. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात अल्प प्रमाणालाही वर्षापर्यंत कैद आहे, आणि विकणाराच पुढे पोलिसांना खबर देतो असंही घडतं. पुन्हा इथल्या नोकरीला, पासपोर्टला पोलिस पडताळणी लागते, ते वेगळं.

भाड्याची स्कूटर घेणार असाल तर काळी पाटी, पिवळी अक्षरं हीच भाड्याची अधिकृत. पांढऱ्या पाटीची कुणाची तरी खासगी गाडी घेतलीत आणि अपघात झाला तर विम्याचं सगळं अवघड होतं. हेल्मेट घाला. आणि रात्री क्लबाला स्कूटरवर जाऊ नका, एवढं साधं.

समुद्राचं: जीवरक्षकांची ड्यूटी संध्याकाळी संपते. रात्री दोनला पाण्यात उतरलेल्याला ओढ कळत नाही, काठ दिसत नाही आणि काठावरच्यांना तो दिसत नाही. बीचवर उघड्यावर पिणं, बाटल्या फोडणं यावर २०१९ पासून दंड आहे, ग्रुपाला तो जास्त बसतो आणि पुढे तो वाढवलाही. गाडी वाळूत घालू नका. ती रुतते, भरती येते, मग क्रेनचा खर्च आणि गुन्हा दोन्ही. कुणाची तब्येत बिघडली तर रुग्णवाहिकेला १०८. उत्तर गोव्याचं जिल्हा रुग्णालय म्हापशाला आणि मोठं गोवा मेडिकल कॉलेज बांबोळीला आहे. बेशुद्ध पडलेल्या मित्राला उताणा झोपवून सोडू नका, कुशीवर वळवा आणि एकजण जवळ थांबा. उलटी घशात अडकून माणसं जातात.

आता बाटल्या. गोव्यातच विकायची म्हणून शिक्का असलेली, तिथला कर भरलेली दारू महाराष्ट्रात आणणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. दुकानदार "बिल देतो, काय होत नाही" म्हणेल. त्याचं दुकान गोव्यात आहे, तपासणी नाका बांद्याला. आंबोली, गगनबावडा, राधानगरी कुठल्याही वाटेने आलात तरी उत्पादन शुल्कची गाडी कुठेतरी उभी असते, आणि डिसेंबरात तर हमखास. बाटल्यांसोबत गाडीही जप्त होते, ती सोडवायला कोर्टाच्या फेऱ्या लागतात. भाड्याच्या ट्रॅव्हलरमध्ये सापडली तर मालक तुमच्याकडूनच दिवसाचं भाडं मागणार. चोर्लाहून किंवा निपाणीमार्गे आलात तर मध्ये कर्नाटकाचीही सीमा लागते, तिथे वेगळा हिशेब. म्हणून पत्रादेवीच्या आधी आठही जणांच्या बॅगा उघडून बघा. "माझ्याकडे काय नाही" म्हणणाऱ्याची आधी.

घरी काही न्यायचंच असेल तर बेबिंका, म्हणजे थराथरांचा गोवेकरी गोड केक, घ्या. काजू गोव्यातून आणायची गरज नाही. वाटेत आजऱ्याला मिळतात, आणि तिथं थांबलात तर घनसाळ तांदूळही घ्या. रविवारी दुपारी दोनच्या आत गोवा सोडा, म्हणजे आंबोलीचा घाट उजेडात चढून होतो.